घराची सेप्टिक टँक नीट कशी बांधायची: कोल्हापूर भागात पहिल्यांदा घर बांधणाऱ्यांसाठी

"आमची टाकी वीस वर्षं झाली, एकदापण उपसायला लागली नाही" असं अभिमानानं सांगणारं एक तरी घर पाचगाव, उचगाव, मोरेवाडी, वडणगे कुठंही जावा, भेटतंयच. ऐकायला भारी वाटतंय. पण न भरणाऱ्या टाकीचा अर्थ एवढाच असतो की तिला तळ घातलेला नाही किंवा घातलेला फुटलाय, आणि घरातला सगळा मैला इतकी वर्षं सरळ जमिनीत मुरतोय, आणि त्याच प्लॉटच्या दुसऱ्या कोपऱ्यात बोअर मारलेलं असतंय. चांगली टाकी भरतेच. ती ठरावीक वर्षांनी उपसावी लागते, हेच ती नीट चालू असल्याचं लक्षण. नवीन घर बांधताय तर पहिल्यांदा हे डोक्यात पक्कं करा, कारण गवंडी, कॉन्ट्रॅक्टर, शेजारी, पाहुणे सगळे तुम्हाला सांगणार की "खाली कोबा घालू नका, पाणी मुरूदे, उपसायचा ताप नाही". ऐकू नका.

२०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली, ते इकडच्या लोकांच्या अजून लक्षात असेल. तसली कावीळ मैल्यातनं पाण्यात आणि पाण्यातनं पोटात जाते. म्हणून मी जरा कळकळीनं लिहितोय.

आधी एक चौकशी करा. तुमच्या रस्त्याला महापालिकेची ड्रेनेज लाईन असेल तर टाकीच्या नादाला लागू नका, सरळ कनेक्शन घ्या. हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीच्या भागात बहुतेक ठिकाणी लाईन नसते, तिथं टाकी करावीच लागते, आणि बांधकाम परवानगीच्या नकाशात ती दाखवावी पण लागते. नकाशात एका कोपऱ्यात आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच, असं करू नका.

टाकी काम काय करते

टाकी मैला गायब करत नाही. ती फक्त पाणी दीड-दोन दिवस शांत उभं करते. जड घाण तळाला गाळ होऊन बसते, तेल-चरबी आणि हलकं सामान वर सायीसारखा थर धरतंय, मधे त्यातल्या त्यात नितळ पाणी राहतंय आणि तेवढंच पुढं जातंय. तळाच्या गाळात हवा नसताना जगणारे जिवाणू असतात, ते गाळ कुजवून कमी करतात आणि त्यातनं गॅस तयार होतो. मधलं ते पाणी दिसायला बरं दिसतंय पण त्यात रोगाचे जंतू भरपूर असतात, म्हणून ते उघड्या गटारीला सोडायचं नाही. गावात सर्रास सोडतात, आणि ती गटार ओढ्याला, ओढा पंचगंगेला. तर टाकी हे निम्मं काम झालं, उरलेलं निम्मं म्हणजे त्या पाण्याची सोय, शोषखड्डा किंवा चर. लोकं पहिल्या निम्म्यावर लाखभर घालतात आणि दुसऱ्या निम्म्याला उरलेले विटांचे तुकडे टाकून मोकळे होतात.

जागा

शोषखड्डा पिण्याच्या विहिरी-बोअरपासून किमान १८ मीटर म्हणजे ६० फूट आणि घराच्या भिंतीपासून ६ मीटर म्हणजे २० फूट लांब असावा, असं भारतीय मानक सांगतंय. आता एक गुंठ्याचा प्लॉट म्हणजे ३३ बाय ३३, त्यात ६० फूट आणायचे कुठनं, हा खरा प्रश्न आहे आणि त्याला गोड उत्तर नाही. बोअर एका टोकाला आणि खड्डा बरोबर तिरक्या टोकाला, एवढं तर कराच, पण शेजाऱ्याचं बोअर तुमच्या खड्ड्याला चिकटून आहे का ते पण बघा, त्याच्याशी बसून बोला. अंतर बसतच नसेल तर त्या बोअरचं पाणी प्यायला वापरायचं नाही, वापरायला ठेवा, प्यायला नळाचं. आणि आपल्याकडं अजून एक भानगड, खाली काळा दगड आहे. मातीतनं पाणी गाळत गाळत हळू जातंय, पण दगडाच्या भेगेतनं ते न गाळता लांबवर पळतंय, त्यामुळं दगडात ६० फूट म्हणजे खात्रीचं अंतर समजू नका. राधानगरी, गगनबावड्याकडं जांभा आहे तिथंही तेच, पाणी भसाभस मुरतंय म्हणून खूश होण्यापेक्षा अंतर वाढवा.

जमिनीखालच्या पाण्याची पातळी खड्ड्याच्या तळापासून निदान २ मीटर खाली पाहिजे. मे महिन्यात खड्डा काढला की कोरडा ठणठणीत दिसतोय, त्यावर जाऊ नका. श्रावणात शेजारच्या विहिरीला पाणी कुठवर चढतंय ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. नदीकाठच्या काळ्या रानात ते अगदी हाताला लागतंय.

पाणी मुरतंय का ते स्वतः बघा

हे काम फुकटात होतंय आणि कोणीच करत नाही. जिथं शोषखड्डा करणार तिथं तेवढ्याच खोलीपर्यंत जावा, तळाला फूटभर रुंदीचा छोटा खड्डा घ्या, त्यात थोडी खडी टाका आणि रात्रभर पाणी भरून ठेवा म्हणजे माती पिऊन घेईल. सकाळी खडीच्या वर सहा इंच पाणी घाला आणि घड्याळ लावून बसा, पाणी एक इंच उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजा. अर्ध्या तासाच्या आत इंच उतरला तर शोषखड्डा चालतोय. अर्धा ते एक तास लागला तर खड्ड्याऐवजी लांब उथळ चर बरी. तासाच्या वर गेलं तर त्या जमिनीत पाणी मुरवायचा नाद सोडा, मुरमाच्या जमिनीत बहुतेक पास होतंय, काळ्या मातीत बहुतेक नापास. नापास झालं तर काय ते खाली लिहिलंय.

माप

मोठी टाकी म्हणजे चांगली टाकी असं नाही, पण फार लहान केली तर पाणी शांत व्हायच्या आत बाहेर पडतंय. हिशोब घरातल्या माणसांवर. पाच माणसं असतील आणि दोन वर्षांनी उपसणार असाल तर आतनं लांबी ५ फूट, रुंदी अडीच फूट, पाण्याची खोली साडेतीन फूट, साधारण १,२०० लिटर. दहा माणसांना ७ बाय ३ आणि पाणी साडेचार फूट, म्हणजे साडे-९४ घनफूट, एका घनफुटात २८ लिटर धरले तर २,६०० च्या वर. दोन्ही ठिकाणी पाण्याच्या वर अजून एक फूट मोकळी जागा सोडायची. रुंदी अडीच फुटाच्या आणि पाण्याची खोली १ मीटरच्या खाली आणू नका. लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट असावी, चौकोनी केली तर पाणी आल्या वाटेनं सरळ निघून जातंय. वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवायचा विचार असेल तर त्यांची माणसं आत्ताच धरा.

हे माप फक्त संडासच्या पाण्याचं. न्हाणीचं, भांड्याचं, वॉशिंग मशीनचं पाणी टाकीत घालू नका, ते वेगळ्या चेंबरमधनं जाळी लावून बागेला किंवा वेगळ्या शोषखड्ड्याला द्या. सगळं एकत्र आलं की आत इतकं पाणी येतंय की गाळ बसायच्या आत ढवळून बाहेर जातोय. गच्चीचं पावसाचं पाणी तर मुळीच जोडायचं नाही, आपल्याकडचा जुलैचा पाऊस टाकी धुऊन शोषखड्ड्यात नेईल आणि खड्डा कायमचा चोंदेल.

खोदाई आणि बांधकाम

आतनं ७ बाय ३ पाहिजे असेल तर ९ इंची भिंती, मधली भिंत आणि गवंड्याला हात फिरवायला चारी बाजूनं फूटभर जागा धरून खोदाई साधारण ११ बाय साडेसहा फूट, खोली ७ फुटाच्या आसपास. पण खोली पाईप ठरवतोय. चार इंची पाईपला ४० फुटाला १ फूट उतार द्यायचा, म्हणजे टाकी जितकी लांब तितकी ती खाली जाणार, त्यामुळं जोत्याची उंची ठरवायच्या आधी हा हिशोब करा, नंतर कॉन्ट्रॅक्टरला काही करता येत नाही आणि मग तो उतार खातो. वळण असेल तिथं चेंबर पाहिजेच, काटकोनात बेंड टाकून पाईप पुरायचा नाही. काम पावसाच्या आधी उरका. काळ्या मातीत सात फुटी खड्डा पावसात कडेनं कोसळतो, आत माणूस असला तर वाचत नाही. खोदाईच्या रात्रीपासून कडेला आडवी लाकडं बांधून ठेवा, गल्लीतली पोरं खेळत असतात.

तळाला आधी रोडा-काँक्रीट, त्यावर सळई घालून ५-६ इंच काँक्रीट, उतार मैला येतो त्या बाजूला. भिंती पक्क्या विटेत १:४ मालात (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) किंवा सरळ आरसीसी. आतनं १:३ चा गिलावा, वॉटरप्रूफिंग पावडर घालून, कोपरे गोल करून, वर सिमेंटचं पाणी घोटून घ्या. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून भिंत दाबते, म्हणून भरावाला तीच माती परत ढकलू नका, भिंतीबाहेर मुरूम भरा. क्युरिंग, म्हणजे पाणी मारत राहणं, पूर्ण होऊ द्या, दहा दिवसांत गृहप्रवेश आहे म्हणून घाई नको.

२,००० लिटरच्या वरच्या टाकीला मधे आडवी भिंत घाला. ७ फुटी टाकीत ती आवक बाजूपासून (मैला आत येतो ती आवक, पाणी बाहेर जातं ती जावक) ४ फूट ८ इंचावर, म्हणजे दोन भाग इकडं एक भाग तिकडं. भिंतीतली भोकं पाण्याच्या मधल्या उंचीला, तळाला ठेवली तर गाळ सरकतोय आणि वर ठेवली तर साय सरकतेय. भिंतीचं टोक स्लॅबला टेकवू नका, गॅस जायला फट राहूदे.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट, ती म्हणजे टी, इंग्रजी T च्या आकाराचा पाईपचा जोड. बहुतेक गवंडी आवकचा पाईप भिंतीतनं आत काढतात आणि तिथंच सोडतात, जावकचा पण तसाच. मग वरची साय तरंगत जाऊन सरळ जावकच्या पाईपात घुसते आणि वर्षभरात शोषखड्डा बंद. दोन्हीकडं टी लावायचा, उभा. आवकच्या टीचं खालचं टोक पाण्यात १ फूट बुडालेलं, जावकच्या टीचं पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश, म्हणजे साडेचार फुटाला दीड फूट. वरचं टोक उघडं ठेवायचं, काठीनं साफ करता येईल असं. आणि जावकचा पाईप आवकच्या पाईपपेक्षा २ इंच खाली. टेप घेऊन स्वतः खाली वाकून बघा, स्लॅब पडल्यावर काही दिसत नाही. दोनशे-तीनशे रुपयाचं सामान आहे पण टाकी चालणं न चालणं त्यावर आहे.

स्लॅबला प्रत्येक कप्प्यावर एक झाकण, बरोबर टीच्या वर. झाकण जड पाहिजे, कडा बसलेल्या पाहिजेत, पोराला उचलता येता कामा नये. वर फरशी घालून झाकण गाडून टाकणारे खूप आहेत, मग उपसायच्या वेळी ब्रेकर आणावा लागतो.

गॅसचा पाईप किमान २ इंची, टोकाला डास न जाणारी जाळी. घर जवळ असेल तर तो गच्चीच्या वर २ मीटर न्या, खिडकीजवळ संपवू नका.

बांधून झालं की लगेच जोडू नका. टाकी जावकच्या पातळीपर्यंत पाण्यानं भरा, पहिल्या दिवशी भिंती थोडं पाणी पितात, परत भरून खडूनं खूण करा आणि २४ तासांनी बघा. पाणी खुणेच्या खाली स्पष्ट उतरलेलं दिसलं तर गळती आहे, रिकामी करून परत घोटा. ही परीक्षा झाल्याशिवाय कॉन्ट्रॅक्टरचा शेवटचा हप्ता देऊ नका.

रेडीमेड प्लॅस्टिकची टाकी घेणार असाल तर एकच सांगतो, बसवताना आत पाणी भरत भरत बाहेरनं थर देत भरायचं. रिकामी ठेवून भराव केला तर ती चेपते, आणि पावसात खालनं पाणी आलं तर वर उचलली जाते.

पुढचं पाणी

जमीन पास झाली असेल तर शोषखड्डा निदान ३ फूट व्यासाचा आणि पाईपच्या खाली किमान १ मीटर खोल, पण घरात माणसं जास्त तर तो मोठा किंवा दोन करा. आतनं कोरड्या विटा किंवा दगड, सांध्यात माल न घालता, बाहेरनं खडीचा थर, वर झाकण. किंवा रिकामा न ठेवता पूर्ण विटांचे तुकडे भरले तरी चालतंय. चर असेल तर दोन-अडीच फूट खोल, भोकाचा पाईप खडीत, आणि वरनं गाडी जाऊ द्यायची नाही, माती दबते.

काळ्या मातीत नापास झालात तर टाकीनंतर एक फिल्टरचा कप्पा करा, त्यात खडी भरलेली, पाणी खालनं शिरून वर चढतंय, खडीला धरलेले जिवाणू उरलेली घाण खातात. तिथनं ते पाणी खडीच्या वाफ्यात सोडा आणि कर्दळ, केळ लावा. पालेभाजी, कोथिंबीर त्यावर लावायची नाही. चार-पाच घरं मिळून एकत्र फिल्टर आणि वाफा केला तर जागा पण वाचते, पण लोकांचं जमायला पाहिजे.

गावाकडं मोकळी जागा असेल, पाणी खोल असेल, तर टाकीच्या नादाला न लागता दोन शोषखड्ड्यांचा संडास केला तरी उत्तम. एक भरला की दुसरा सुरू, पहिल्याचं दोन वर्षांत खत होतंय आणि उपसायला गाडी लागत नाही. खर्च पण कमी.

सुरू करताना आणि नंतर

पहिल्या दिवशी टाकी पाण्यानं भरलेली पाहिजे आणि त्यात थोडं कुजलेलं शेण कालवून घाला, किंवा चालू टाकीतला बादलीभर गाळ मिळाला तर त्याहून बरा. बाजारातल्या बॅक्टेरियाच्या पावडरीची गरज नाही. ॲसिड, फिनेल भरमसाट ओतू नका, जिवाणू मरतात, ब्रश मारून साबणानं धुतलं तरी स्वच्छ होतंय. पॅड, डायपर, चहाचा चोथा, तेल काही टाकायचं नाही, घरातल्या नव्या सुनेला, पाहुण्या पोरांना, भाडेकरूला सगळ्यांना सांगायला लाजू नका.

वर्षातनं एकदा माप घ्या. लांब काठीच्या खालच्या टोकाला पांढरा जुना टॉवेल गुंडाळा, जावकच्या टीजवळ तळापर्यंत सोडा, दोन मिनिटं थांबा आणि हळू वर काढा. जिथपर्यंत काळा चिकट डाग आलाय तेवढा गाळ. गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीच्या निम्म्याजवळ आली की उपसायची, साधारण दोन-तीन वर्षांनी. झाकण काढताना विडी-काडी पेटवायची नाही, वाकून तोंड आत घालायचं नाही.

उपसायला सक्शनची गाडीच बोलवा. माणूस आत उतरवायचा नाही, कितीही गरजू असला, स्वतः तयार झाला तरी नाही. आतल्या गॅसनं दोन श्वासांत माणूस पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसरा पण पडतो, सडक्या अंड्याचा वास येत नाही म्हणजे गॅस नाही असं पण नसतं, तो गॅस जास्त झाला की नाकच बधिर होतंय. २०१३ च्या कायद्यानं संरक्षणाच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे, आणि २०२३ ला सुप्रीम कोर्टानं असल्या मृत्यूची भरपाई ३० लाख केली. १४४२० हा टाकी-गटार साफ करून घेण्यासाठीचा हेल्पलाईन नंबर आहे. गाडीवाल्याला गाळ कुठं नेऊन टाकणार ते विचारा, ओढ्यात किंवा कुणाच्या रानात टाकणार असेल तर त्याला काम देऊ नका. सातारा जिल्ह्यात वाईला घरोघरच्या टाक्या ठरवून तीन वर्षांनी उपसतात आणि गाळ प्रक्रिया केंद्रात नेतात. आपल्या ग्रामपंचायतीत ग्रामसभेला हा विषय काढा. पूर्ण कोरडी करायची गरज नसते, थोडा गाळ तळाला ठेवला की परत कुजायला सुरुवात होतेय.

पुराचं

चिखली, आंबेवाडी, शिरोळकडं ज्यांची घरं आहेत त्यांना पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचे ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे आकडे पाठ असतात. २०१९ आणि २०२१ ला कित्येक घरांत संडासच्या भांड्यातनं उलटं पाणी आलं. तिथं टाकीचा स्लॅब जमिनीपेक्षा वर घ्या, झाकणाला रबर, आणि घराकडनं येणाऱ्या पाईपला उलटं पाणी थांबवणारा वॉल्व्ह बसवा. पाणी चढायला लागलं की संडासच्या भांड्याला वाळूची पोती ठेवून गॅसच्या पाईपचं तोंड तेवढं मोकळं ठेवा. पूर ओसरला की लगेच टाकी उपसायची घाई करू नका, जमीन पाण्यानं भरलेली असताना टाकी रिकामी केली की खालच्या दाबानं ती तडकते किंवा उचलते. आठ-पंधरा दिवस थांबा, बोअर-विहिरीत क्लोरीन टाकून घ्या, तोवर पाणी उकळून प्या.

आणि स्लॅब टाकायच्या आधी मोबाईलवर सगळे फोटो काढून ठेवा, टी, मधली भिंत, पाईप. घराच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून झाकणापर्यंतचं अंतर टेपनं मोजून घराच्या कागदपत्रांच्या फाईलमधे एका चिठ्ठीवर लिहून ठेवा, उपसल्याच्या तारखा पण त्याच चिठ्ठीवर.